कोंडाबाईची दाढ

“मावशी, दुखलं तर डावा हात वर करा. बोलायला जाऊ नका.”

डॉक्टर हुमा एवढं म्हणाली आणि तिनं कोंडाबाईच्या तोंडावर निळ्या रबराचा पडदा ताणून बसवला. पडद्याला एकच छिद्र आणि त्यातून वर आलेली एकच दाढ. असले पडदे दुसऱ्यांच्या तोंडावर बसवताना कोंडाबाईनंच शेकडो वेळा हुमाच्या हाताखाली मदत केली होती. आज स्वतःच्या तोंडावर आला तेव्हा तिला कळलं, की याच्या आत माणूस श्वास घेऊ शकतं, गिळू शकतं, सगळं ऐकू शकतं. बोलू तेवढं शकत नाही.

नांदेडच्या एका हॉटेलचं सभागृह होतं. समोर साठ-सत्तर दातांचे डॉक्टर बसले होते. कुणी लातूरचे, कुणी मुखेडचे, कुणी देगलूरकडचे. नवं मटेरियल कसं वापरायचं ते हुमा खऱ्या पेशंटवर करून दाखवणार होती, आणि पेशंट म्हणून तिनं आपल्याच दवाखान्यातली बाई आणली होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कोंडाबाईची दाढ म्हशीच्या तोंडाएवढी दिसत होती. मान न हलवता नुसते डोळे फिरवले तरी तिला ती दिसत होती.

पहिल्या रांगेत डॉक्टर शिवप्पा बसले होते. लातुरात त्यांना सगळे अप्पा म्हणत. दवाखाना त्यांचाच, हुमा तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आली होती. सकाळीच त्यांचा सत्कार झाला होता. भूकंपग्रस्तांचे दात ज्यांनी महिनोन्‌महिने फुकट पाहिले ते हे, असं माइकवरून सांगून कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल घातली होती. ती अजून खांद्यावरच होती.

“पेशंट चौपन्न वर्षांची आहे,” हुमा सांगू लागली. भिंतीवर एक्स-रे आला. “त्र्याण्णवच्या भूकंपात जबड्याला मार लागला. नंतर मदत छावणीत कुणीतरी घाईघाईत रूट कॅनॉल केलं. ड्रिलची वाट चुकली आणि मुळाच्या कुशीला भोक पडलं. हे बघा, इथं. त्या भोकात चांदी भरली, वरून कॅप बसवली आणि झाकून टाकलं. आतून ते गळतच राहिलं. वीस-पंचवीस वर्षं.”

सभागृहात कुणीतरी च्च केलं.

छावणीत या दाढेला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तेव्हा ती दुखतच नव्हती. दुखायला लागली तीन वर्षांनी. आणि तिच्यावर जे काही झालं ते लातुरात, अप्पांच्या दवाखान्यात, अप्पांच्या खुर्चीवर, अप्पांच्या हातानं. हुमा सोडली तर दातासाठी दुसऱ्या कुठल्या डॉक्टरपुढे कोंडाबाईनं जन्मात तोंड उघडलं नव्हतं.

तिचा डावा हात वर गेला.

हुमा थांबली. “दुखतंय का मावशी?”

सगळे बघत होते. हात वरच होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून अप्पांचा आवाज आला, “कोंडाबाई, घाबरू नको. मी हाय हितं.”

इतक्या मायेनं ते म्हणाले की दोघातिघांनी माना डोलावल्या. त्या आवाजावर तो हात तेवीस वर्षं चालत आला होता. आताही तो आपणहून खाली आला.

मग हुमानं जुनी चांदी कोरून काढली, भोक धुतलं, आणि एका बारीक सिरिंजमधून पांढरा लुसलुशीत लगदा घेऊन त्यात दाबला. दाबता दाबता ती सांगत होती. याला बायोसिरॅमिक म्हणतात. मुळात सिमेंटच्याच कुळातलं आहे. याला ओल लागते. ओलीवरच ते घट्ट होतं. थोडंफार रक्त आलं तरी बिघडत नाही. हाडाला ते परकं वाटत नाही, हाड त्याला लागून पुन्हा वाढतं.

कोंडाबाई पडल्या पडल्या ऐकत होती. तिचा सगळा जन्म ओलीशी भांडण्यात गेला होता. “कोंडाबाई, ओल येऊ देऊ नको. कापूस धर. थुंकी लागली की मसाला गेला.” काचेच्या तुकड्यावर दातात भरायचा मसाला घोटून घोटून तिच्या मनगटाला घट्टे पडले होते, आणि हा मसाला ओल मागत होता, घोटायचीही गरज नव्हती. तशा अवस्थेतही तिच्यातल्या कामकरी बाईला त्याचं नवल वाटलं.

काम संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या. हुमानं पडदा काढला. कोंडाबाईनं जबडा हलवून पाहिला आणि पहिल्या रांगेकडे बघितलं. अप्पा शेजारच्या डॉक्टरशी बोलत होते.

अप्पा नांदेडलाच मुक्कामाला राहिले. परत निघाल्या त्या दोघीच, हुमाच्या गाडीत. लोह्याला चहासाठी थांबल्या. कोंडाबाईचा अर्धा ओठ अजून बधीर होता. चहाचा पहिलाच घोट हनुवटीवरून ओघळला.

“आता कळलं,” पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, “पेशंट लोक चहा सांडतेत तवा मी हसत होते, त्याचं पाप लागलं.”

हुमा हसली. हुमा नांदेडची. अकरावीला लातुरात क्लासला आली, दोन वर्षं एका खोलीत चौघी राहून शिकली, डॉक्टर झाली आणि पुन्हा लातुरातच आली. क्लासची पोरं तिला आपलीच वाटत. रात्रभर चहा-बिस्किटांवर जागून दात किडवून घेणारी ती पोरं हाच आता दवाखान्याचा अर्धा धंदा होता. पूर्वी भूकंपात जबडे फुटलेली माणसं यायची.

“मॅडम, एक इचारू?” कोंडाबाई म्हणाली. “एवढी वर्षं दुखत होतं ते त्या भोकानंच?”

“मग कशानं?”

“पण ते पहाटंच दुखायचं. चार वाजायच्या आत. दिवसा कवाच न्हाई.”

“रोज?”

“रोज न्हाई. आठ-पंधरा दिवसाला. पण उठले की घड्याळात तोच टाइम.”

हुमानं पेला खाली ठेवला. “मावशी, माणूस आडवं झालं की डोक्याकडं रक्त जास्त येतं. सुजलेली दाढ मग जास्त ठणकते. कुणाचीही. माझ्या क्लासच्या पोरांना विचारा, पहाटेच फोन करून रडतात.”

“अप्पा म्हणायचे, मनातलं हाय. भूकंपाचं.”

हुमानं पुन्हा पेला उचलला. त्यात तिला काही विशेष वाटलं नसावं. लातुरात कुणाची साखर वाढली तर भूकंपापासनं, कुणाला झोप लागत नाही तर भूकंपापासनं, कुणाचा नवरा प्यायला लागला तरी भूकंपापासनंच. ज्यांच्या घराला चीरसुद्धा गेली नव्हती तेही असंच सांगत. भूकंप सगळ्या दुखण्यांचा बाप झाला होता, आणि एकदा बापाचं नाव लागलं की पुढं कुणी चौकशी करत नसे.

कोंडाबाईचं गाव औशाच्या पलीकडं. त्या पहाटे, चार वाजायच्या आत, दगडमातीच्या घरात नवरा गेला आणि चार वर्षांची लेक महामाया गेली. ही ढिगाऱ्याखाली दुपारपर्यंत जिवंत राहिली, गालाखाली एक धोंडा घेऊन. पुढं लातुरात आली, अप्पांच्या दवाखान्यात फरशी पुसायला लागली, मग भांडी उकळायला, मग मसाला घोटायला, मग अंधाऱ्या डब्यात हात घालून एक्स-रेच्या फिल्म धुवायला. शहाण्णव साली दाढ ठणकायला लागली तेव्हा अप्पांनी तिला खुर्चीवर घेतलं. म्हणाले, पैसे कसले, तू घरची. फार वेळ लागला. मध्येच अप्पा एकदा “हात्तिच्या” म्हणाले. नंतर फिल्म काढली. दवाखान्यातली प्रत्येक फिल्म कोंडाबाई धूत असे; तेवढी एक अप्पांनी स्वतः धुतली. तिला वाटलं, आपल्याला विसावा मिळावा म्हणून.

महिन्याभरात पहाटेचं दुखणं सुरू झालं. तिनं सांगितलं तेव्हा अप्पांनी कॅपवर आरशाच्या दांड्यानं टकटक केलं आणि म्हणाले, “कोंडाबाई, ही दाढ मेली. रूट कॅनॉल झालं म्हंजे मेली. मेलेली दाढ दुखत नसती. दुखतंय ते तुझं मन. पोर आठवण काढत असंल.”

हे त्यांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि कोंडाबाईला ते पटलं. दाढ मेलेली, वेळ तीच, गाल तोच. मग ती त्या ठणक्याला भ्यायची बंद झाली. दुखलं की पोर आली. ती उठून भिंतीला टेकून बसायची, गालाला तळवा लावायची आणि हळूहळू बोलत राहायची. आज दवाखान्यात काय झालं, कोण पोरगी सुईला भिऊन पळाली, आता तू शाळेत असतीस, आता तुझं लग्न झालं असतं. अप्पांनी दिलेल्या गोळ्या डब्यात तशाच पडून राहत. तास-दीड तासानं ठणका ओसरायचा. पोर गेली, म्हणून ती पुन्हा आडवी व्हायची.

लोह्याच्या त्या हॉटेलात तिनं यातलं हुमाला काही सांगितलं नाही. गार झालेला चहा तसाच ठेवून ती गाडीत जाऊन बसली.

लातुरात आल्यावर पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं. सातव्या दिवशीही उजाडल्यावरच जाग आली तेव्हा चमकायला झालं. आठव्या दिवशी तिनं दाढेवर बोट दाबून पाहिलं. मग ज्वारीची कडक भाकरी त्याच बाजूनं चावली. मग शेजारणीकडून सुपारी मागून आणून तीही फोडली. काहीच झालं नाही. पंधरा दिवस झाले, वीस झाले. रोज सकाळी ती सरळ सहाला उठत होती. झोप झालेली असायची, अंग हलकं असायचं, आणि उठून बसलं की रडू यायचं.

एकविसाव्या दिवशी दवाखाना झाडून झाल्यावर तिनं जुन्या फिल्मची पत्र्याची पेटी खाली ओढली. हुमा आल्यापासून सगळे एक्स-रे संगणकात असत. पेटीला कुणी हात लावत नव्हतं. तेवढ्यात जहांगीर आला. जहांगीर म्हणजे दात बनवणारा. गंजगोलाईच्या बाजारामागे त्याचं दोन खणांचं दुकान होतं. तीस वर्षं तो अप्पांना कॅपा आणि कवळ्या पुरवत होता.

“काय कोंडाबाई,” हातातली डबी टेबलावर ठेवत तो म्हणाला, “नांदेडला जाऊन हिरोइन झालीस म्हणं. एवढ्या मोठ्या पडद्यावर.”

“हिरोइन कशाची. दाढ झाले.”

“तुझी जुनी कॅप माझ्याच हातची होती. मजबूत निघाली का न्हाई?”

“लई मजबूत. सगळं झाकून धरलं तिनं.”

जहांगीरला त्यातलं काही कळलं नाही. तो आपल्याच नादात होता. “अप्पांनी आठ दिसाचं काम एका दिसात मागितलं होतं तवा. म्हणलं साब, कोण नवरीबिवरी हाय का? तर म्हणले, गुमान बनव आन्‌ आण. मला याद हाय, कारण कवाच घाई न करणारा माणूस.”

तो गेला. कोंडाबाई पाकिटं चाळत राहिली. लिहायवाचायला ती चाळिशीला आल्यावर शिकली, वस्तीतल्या बायकांच्या वर्गात. अजूनही बोट ठेवून वाचायची. पेटीच्या तळाशी एका पिवळ्या पडलेल्या पाकिटावर तिचंच नाव निघालं. कोंडाबाई, आणि खाली तारीख. सन शहाण्णव.

तिनं फिल्म खिडकीपुढं धरली. अक्षरं तिला उशिरा आली. फिल्म त्याच्या किती तरी आधी वाचता येत होती. मुळाच्या आत जायला हवी होती ती चांदी मुळाच्या बाहेर, हाडात, गोळा होऊन पडली होती. शिकाऊ पोराला दाखवली असती तरी त्यानं सांगितलं असतं. म्हणजे अप्पांना उशिरानं कळलं नव्हतं. त्याच दिवशी, त्याच घडीला, फिल्म ओली असतानाच कळलं होतं.

अप्पा आपल्या खोलीत पेपर वाचत बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, आता ते क्वचितच पेशंट पाहत. कोंडाबाईनं फिल्म त्यांच्या पेपरवर ठेवली.

“ही तुम्ही धुतली होती,” ती म्हणाली.

त्यांनी चष्मा वर करून फिल्म उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग खाली ठेवली. “वीस वर्षं झाली की गं.”

“बावीस.”

“बस.”

“उभीच बरी हाय.”

“हे बघ कोंडाबाई. तवा असं भोक पडलं म्हंजे दाढ काढून टाकायची, दुसरा इलाज नव्हता. हे आत्ताचं मटेरियल तवा कुठं होतं? मी चांदी भरून वाचवली. बावीस वर्षं चावलीस का न्हाई तिच्यावर?”

“चावले. सांगितलं का न्हाई?”

“काय सांगायचं? नुकतंच नाव झालं होतं. पेपरात फोटो येऊन राहिले होते. लोक पाया पडत होते माझ्या. आन्‌ त्यातल्याच एका बाईची दाढ मी…” ते थांबले. मग जरा सावरून म्हणाले, “तुला वाऱ्यावर तर सोडलं न्हाई ना? कामावर ठेवलं. बोट धरून सगळं शिकवलं.”

“शिकवलं. म्हणून तर फिल्म वाचता आली.”

अप्पांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“दुखणं मनातलं हाय म्हणलात,” ती म्हणाली. “एकदा न्हाई, धा बारी.”

“त्यानं तुला धीरच आला. पोरीच्या नावानं सोसलंस. दाढेच्या नावानं सोसलं नसतं.” आणि हे त्यांना स्वतःलाच पटल्यासारखं त्यांनी मान हलवली. “खोटं बोलतोय का?”

हे खोटं नव्हतं. त्याचाच तिला जास्त राग आला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली रस्त्यावर पाठीला दप्तरं लावलेली पोरं-पोरी क्लासकडं चालली होती, एकामागं एक, सारख्या रंगाच्या शर्टात.

“पयल्यांदा गेली तवा कुणाला बोल लावता आला न्हाई,” ती म्हणाली.

“कोण गेली?” अप्पांनी विचारलं.

तिनं मान वळवली. दारात हुमा उभी होती.

“मावशी, इथं आहात होय. एक सही पाहिजे.” हुमाच्या हातात कागद होता. “तुमची केस मी दिल्लीच्या परिषदेत मांडणार आहे. पेशंटची परवानगी लागते. मराठीतच लिहिलंय, वाचून घ्या.”

आता कोंडाबाई खुर्चीवर बसली. अप्पांच्या समोरच्या, पेशंट बसतात त्या. कागद टेबलावर ठेवून तिनं बोट ठेवलं आणि वाचू लागली. हुमाला पेशंट होते, तरी ती थांबली. नाव. वय. सन १९९३च्या भूकंपानंतर. मदत छावणीत. करण्यात आलेल्या उपचारात.

बोट त्या दोन शब्दांवर थांबलं. छावणीत बाहेरगावची एक डॉक्टर पोरगी होती. जबडा बांधलेला असताना आठ दिवस ती चमच्यानं पेज भरवत होती. रोज पहिला चमचा स्वतःच्या ओठाला लावून बघायची, फार कढत तर नाही ना. तिचं नाव कोंडाबाईला कधी कळलंच नाही. आता हा कागद दिल्लीला गेला असता तर पाप तिच्या माथी बसलं असतं.

“हे छावणीचं कुणी सांगितलं?” कोंडाबाईनं विचारलं.

“अप्पांनी,” हुमा म्हणाली. “का?”

अप्पा फिल्मकडं बघत होते. ती अजून पेपरवरच पडली होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

कोंडाबाईनं टेबलावरचा पेन घेतला. मदत छावणीत या शब्दांवर तिनं एक रेघ मारली. सरळ यावी म्हणून श्वास धरून मारली. मग वरच्या जागेत एकेक अक्षर जोडत तिनं लिहिलं, लातुरात. काना द्यायचा राहिला होता, तो नंतर दिला. खाली सही केली आणि कागद हुमाकडं सरकवला.

हुमानं वाचलं. एकदा कोंडाबाईकडं पाहिलं, एकदा अप्पांच्या हाताखालच्या फिल्मकडं.

“लातुरात? लातुरात कुठं, मावशी?”

“ते अप्पांना इचारा,” उठताना कोंडाबाई म्हणाली. “मला तेवढंच लिहिता येतं.”

ती बाहेर आली आणि दार तिनं मागं ओढून घेतलं. बाकावर चार पोरं पुस्तकं उघडून बसली होती. त्यातली एक गाल धरून म्हणाली, “मावशी, माझा नंबर कधी? साडेअकराला टेस्ट आहे माझी.”

“थांब जरा बाळा. डॉक्टर कामात हायत.”

कालचे ट्रे, आरसे, चिमटे बेसिनमध्ये पडले होते. तिनं बाह्या वर केल्या. आत अप्पा बोलायला लागले होते का गप्पच होते, ते तिला ऐकू आलं नाही. तिनं नळ पूर्ण सोडला होता.